आडवा दगड बोलत नाही

"ह्यो विकायचा न्हाई," असं म्हणून अप्पानं बँकेतल्या साहेबाच्या बायकोच्या हातातला खल काढून घेतला.

बुधवारचा बाजार होता. पोत्यावर आमचे वीसेक खल मांडलेले, प्रत्येकात त्याचा त्याचा बत्ता उभा. बाईंनी त्यातला सगळ्यात देखणा उचलला होता. काळा कुळकुळीत, काठ गोल, आतून आरसा.

"अहो, पण मला हाच आवडलाय. किती गुळगुळीत आहे!"

"म्हनून तर मला शंका आली."

मी मागं उभा होतो. तो खल मी केला होता.

अप्पानं तीन खडे मांडले आणि त्यावर खल ठेवला. जमिनीवर टेकलेला दगड वाजवून काही कळत नाही, सगळा आवाज माती खाते. दगड उचलून, खाली वारा खेळवून वाजवायचा. त्यानं बोट वाकवून पेराच्या हाडानं खलाच्या पोटावर टिचकी मारली. मग शेजारचा खल खड्यांवर ठेवून तशीच मारली.

"आईकलं?"

"मला तर दोन्ही सारखेच वाटले," बाई म्हणाल्या. भोवतीची चार माणसं हसली.

"बाई, तुमचं लेकरू रडलं तर भुकेनं रडतंय का दुखतंय म्हनून रडतंय, कळतंय न्हवं? तसंच हाय. ह्यो दुसरा ठण्ण बोलतोय. तुमचा बोदा बोलतोय. आत कायतरी हाय."

तांब्यातलं पाणी त्यानं माझ्या खलावर ओतलं. दगड ओला होऊन आणखी काळा झाला, पण काठापासून तळापर्यंत केसाएवढी एक रेघ कोरडी राहिली. तिथं मी लाख वितळवून दगडाच्या भुकटीत कालवून भरली होती, वरून घासून तेल चोळलं होतं. दोन दिवस राबलो होतो त्या एका भेगेवर. नवा खल करायला तेवढा वेळ लागत नाही.

"हे कुनी भरलं?"

बाजार बघत होता.

"दुर्ग्या, तुला इचारतोय."

"मी."

अप्पानं हातोडा उचलला. एकच घाव. खल त्या रेघेवरच उघडला, दोन वाट्या झाल्यासारखा. बाई दोन पावलं मागं सरकल्या. अप्पानं दुसरा खल त्यांच्यापुढं धरला. "ह्यो न्या. आत हात फिरवून बगा, खरबरीत लागंल. गुळगुळीत खलात जिरं पळतंय, कुटत न्हाई."

बाईंनी तो नेला. मी फुटलेले तुकडे पोत्यात भरले. बावीस वर्षांचा होतो. मिशी फुटलेल्या पोराला बापानं भर बाजारात असं नागडं केलं की त्याच्या डोक्यात काय येतं ते मी लिहून दाखवणार नाही. ज्याच्यावर आली असेल त्याला ठाऊक.

घरी जाताना मी तोंड उघडलं. "त्या भेगेनं बाई मरनार हुती काय?"

"बत्त्याचा घाव बसला की लाख सुटती. भुगा चटणीत उतरतो. दातांखाली कचकच लागती."

"लोक काय काय खात्यात."

"खाऊ देत. माझ्या हातचं न्हाई."

आणि तो खोकला. मी आधी खोकल्याकडं लक्ष दिलं नाही. आमच्या वस्तीत खोकत नाही असं माणूस नव्हतं. सकाळी कोंबड्याच्या आधी माणसं खोकायची.

आम्ही वडार. जिल्ह्याच्या पूर्वेला, कुसळांच्या माळावर आमची वस्ती. निम्मी माणसं खडी क्रशरवर जायची आणि चाळिशी गाठायच्या आत अंथरुणाला लागायची. माझे दोन चुलते तसेच गेले. अप्पा, म्हणजे यंकाप्पा, क्रशरवर कधी गेला नाही. जन्मभर छिन्नी-हातोडा घेऊन खल, पाटे, वरवंटे केले. दगड भिजवून घडवायचा, तोंडाला ओलं फडकं बांधायचा. मला मात्र ते बैलगाडीच्या काळातलं वाटायचं. मी सातवीपर्यंत शिकलेला, वस्तीत कागद वाचणारा एकटा. वर्षापूर्वी मी हट्टानं विजेवरचं कटर मशीन आणलं. चकती फिरली की घटकाभरात खलाचा ओबड आकार निघायचा. मशीन दगड कोरडाच कापायचं. पांढरी धूळ उठायची, झोपडी, भांडी, अव्वाचे, म्हणजे माझ्या आईचे, केस, सगळं पांढरं. मी मशीन चालवायचो आणि दोन हातांवर बसून अप्पा छिन्नीनं आतली पोकळी करायचा. ती मशीनला जमत नाही. मला अजून जमत नव्हती.

त्या भाद्रपदात पुण्याचा एक भांड्यांचा व्यापारी वस्तीवर आला होता. शेठ म्हणायचो आम्ही. त्याला दिवाळीपर्यंत दीडशे खलबत्ते हवे होते. "शहरात आता बायकांना पुन्हा दगडाचं वेड लागलंय," तो म्हणाला. "माल वेळेवर दिलास तर दुकानामागं शेड आहे माझी. तिथंच ये. लाईट आहे, नळ आहे. इथं माळावर काय करणार तू?"

मला त्या शेडचं स्वप्न पडायचं. नळ असलेली शेड. हसायला येतं आता. पण मला तिथं जायचं होतं, आणि तिथं न गेलो तर पुढं क्रशर होता. दुसरं काही नव्हतं. दीडशे खल, दिवाळीच्या आत. आणि पोकळी करणारा हात एकच.

बाजारानंतर आठ दिवसांत अप्पाला धाप लागायला लागली. पाण्याची घागर उचलली की बसायचा. अव्वानं माझ्यामागं लकडा लावला, तेव्हा मी त्याला तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात नेलं.

डॉक्टर तरणा होता, चष्मेवाला. तोंडानं गोड. "बाबा, शर्ट काढा आणि झोपा इथं."

अप्पा पत्र्याच्या कॉटवर उताणा झाला. डॉक्टरनं डावा तळवा त्याच्या छातीवर सपाट ठेवला आणि उजव्या हाताच्या बोटानं त्यावर टिचकी मारली. टक. टक. अप्पानं मान वळवली.

"डाक्टर, काय करताय?"

"आवाज बघतोय बाबा. आत काय आहे ते आवाजावरनं कळतं."

"मग झोपवून काय कळनार? आडवा दगड बोलत न्हाई. उठून बसू का?"

डॉक्टर हसला. "बसा. पाठीकडनं बघायचंच होतं मला. तुम्ही काय करता?"

"खल."

अप्पा पाय खाली सोडून बसला. पाठ माझ्याकडं. डॉक्टर खांद्यापासून सुरू झाला आणि दोन-दोन बोटं खाली सरकत टिचक्या मारत गेला. अप्पानं डोळे मिटले. मान जराशी कलली. खड्यांवर ठेवलेल्या दगडापुढं तो असाच बसायचा. खाली एका जागी डॉक्टरचं बोट थांबलं, पुन्हा दोन बोटं वर गेलं, पुन्हा खाली आलं. अप्पाची मान सरळ झाली.

"झालं?" त्यानं विचारलं.

"झालं. घाला शर्ट. मुलाशी बोलतो जरा."

फोटो काढला, थुंकी घेतली, दोन तास गेले. मग व्हरांड्यात डॉक्टरनं मला कागद दिला. "दगडाची धूळ बसलीय आत, वर्षानुवर्षांची. पण आत्ताची भीती ती नाही. उजव्या बाजूला फुप्फुसाभोवती पाणी साठलंय. ते काढायला लागेल, इथं होणार नाही. जिल्ह्याला न्या. उद्याच."

"दिवाळीनंतर चालंल?"

तो माझ्याकडं बघत राहिला. "उद्या म्हटलं मी. आणि दगडावर बसवू नका त्यांना. ते मशीन तर नाहीच नाही."

मी कागदाची घडी करून शर्टाच्या खिशात घातली. बाहेर अप्पा लिंबाच्या बुडाला बसला होता.

"काय म्हनला?"

आता इथं मी कारणं देऊ शकतो. बरीच आहेत, वर्षं घालवून जमवलीत. एकही देत नाही.

"सर्दी मुरलीय छातीत म्हनला. गोळ्या दिल्यात."

अप्पानं माझ्या तोंडाकडं बघितलं. मग खिशाकडं. मग पुन्हा तोंडाकडं.

"असं म्हनला?"

"व्हय."

"बरं." तो हात टेकून उठला. "मग बसू कामाला."

मनात हिशेब साधा होता. पाच आठवडे. दिवाळी झाली, माल गेला, की लगेच जिल्ह्याला. पाणी पाच आठवडे थांबेल. मी मशीन बंद केलं नाही. अप्पाला दुसऱ्या अंगाला बसवलं, वाऱ्याच्या वर. वारा फिरतो हे मला ठाऊक नव्हतं असं नाही.

काम चांगलं चाललं. इतकं चांगलं कधी चाललं नव्हतं, कारण अप्पा भांडायचा थांबला. एरवी मी आणलेल्या दहा दगडांतले सात तो परत ओढ्यात टाकायला लावायचा. आता उचलायचा, वाजवायचा, आणि नको असेल तर नुसता बाजूला ठेवायचा. एकदा मी ओढ्याच्या वळणावरून एक दगड आणला. त्यानं वाजवला. पाणी ओतलं, पाणी जसंच्या तसं घरंगळलं. नखानं ओरखडा काढून बघितला. मग मला म्हणाला, "खल आनि बत्ता दोन्ही ह्याच्यातनंच काड. दोन जातीचं दगड एकमेकाला खात्यात." त्याच्या तोंडून मला यापेक्षा मोठी शाबासकी कधी मिळाली नाही.

संध्याकाळी हात धुताना तो हळूच विचारायचा. "डाक्टर अजून काय म्हनला हुता रं?"

"काय न्हाई. गोळ्या घ्या म्हनला."

"बरं."

दोन दिवस गेले की पुन्हा. "कागुद दिला हुता न्हवं कसला?"

"गोळ्यांचा."

"बरं."

तिसऱ्या का चौथ्या बुधवारी बाजार लवकर उठला. वस्तीवर आलो तर झोपडीचं दार लोटलेलं, आत कसलातरी आवाज. टक. टक. थांबून पुन्हा टक. दार ढकललं तर अप्पा पाठमोरा, बंडी खाली ओढत होता आणि अव्वाच्या एका हातात दाभण, दुसऱ्या हातात बिब्बा. बिब्ब्याच्या तेलाचा तिखट वास भरला होता.

"काय चाललंय?"

"पाठ दुकतीय त्याची," अव्वा म्हणाली. तिनं माझ्याकडं बघितलं नाही.

आमच्यात दुखऱ्या जागी बिब्बा घालतात. दाभणानं त्याचं तेल कातडीवर लावायचं, कातडी भाजून काळा डाग पडतो आणि महिने महिने जात नाही. मला नवल वाटलं नाही. सुटल्यासारखंच वाटलं. पाठ दुखतीय म्हणजे छाती नाही.

दिवाळी दहा दिवसांवर आली तेव्हा शेठचा निरोप आला, प्रत्येक खलात एक चिठ्ठी टाक, खल कसा वापरायचा, कसा ठेवायचा. शहरातल्या बायकांना माहीत नसतं. तिथं छापून घेऊ, तू लिहून ठेव.

मी वही घेऊन अप्पापुढं बसलो. तोवर त्याला आडवं पडता येत नव्हतं. रात्रंदिवस दगडांच्या ढिगाला पाठ लावून, गुडघ्यात मान घालून बसायचा. छिन्नी हातातच असायची. दहा घाव घालायचा, थांबायचा, श्वास गोळा करायचा.

"सांग, अप्पा."

"लिव. नवा खल पयल्यांदा नुसत्या पान्यानं धुवावा. साबन लावू नये. दगड साबन पितो आनि मग चटनीला देतो."

मी लिहिलं.

"मूठभर तांदूळ घालून कुटावं. पीठ करडं यील. ते टाकावं. पुन्ना तांदूळ, पुन्ना कुटावं. पीठ पांढरंफेक यीस्तवर." तो थांबला. श्वास घेतला. "मग खडंमीठ आनि लसून. मग वापरायला घ्यावा."

"पुढं?"

"रिकाम्या खलात बत्ता आपटू नये. चटनी झाली की लगीच काडावी, चिंचंचा चोथा फिरवावा, पालथा घालून वाळवावा. आनि..." हातातली छिन्नी त्यानं मांडीवर आडवी ठेवली. "लिव. तडा गेला तर लपवू नये. सांगून टाकावं."

मी पेन्सिल थांबवली. "हे कशाला? खलात तडा असतोय म्हनून कोन चिठ्ठीत लिवतंय व्हय? शेठ हाणंल मला."

"लपीवला की वाडतो. सांगितला की माणूस जपून वापरतो."

"अप्पा, हे गिऱ्हाइकाला वाचायचं हाय."

"तुला लिवता येतंय म्हनून सांगितलं," तो म्हणाला. "मला यीत असतं तर मी लिवलं असतं."

तो माझ्याकडं बघत बसला. डोळे खोल गेलेले, ओठ निळसर. मला वाटलं बरळतोय. खरं सांगायचं तर मला तसं वाटून घ्यायचं होतं. मी वही मिटली आणि मशीनकडं गेलो. ते वाक्य लिहिलं नाही.

दिवाळीला चार दिवस राहिले होते. दुपारची वेळ. मी मशीन बंद करून पाणी प्यायलो आणि छिन्नीचा आवाज येत नाही हे मला उशिरा कळलं. अप्पा तसाच बसला होता, ढिगाला टेकून. मांडीत अर्धा झालेला खल, उजवा हात खलाच्या आत. मी हाक मारली. दुसऱ्यांदा मारली नाही.

आमच्यात मेलेल्या माणसाला बसवून अंघोळ घालतात. पाटावर बसवायचं, मागून दोघांनी धरायचं, पोरानं पाणी ओतायचं. वस्तीतली माणसं जमली. मरगू मामानं अप्पाची बंडी वरून काढली. महिनाभर मी बापाची पाठ उघडी बघितली नव्हती. तो अंघोळ आडोशाला करायचा, अव्वा पाणी घालायची.

"बिब्बं घातलंय व्हय पाटीला?" मामा म्हणाला. "लई दुकत हुती का रं?"

मी तांब्या घेऊन मागं आलो.

ते डाग नव्हते. दुखऱ्या जागी घालतात तसे ठिपके नव्हते. रेघा होत्या. आडव्या, सरळ, टाकी मारायच्या आधी आम्ही दगडावर खूण ओढतो तशा. उजव्या अंगाला, एकीवर एक. खालची कमरेच्या वर चार बोटं. दुसरी तिच्यावर. तिसरी. चौथी खांद्याच्या फऱ्याच्या मधोमध. पाचवी फऱ्याच्याही वर, अजून ताजी, कातडी सोललेली.

हातातला तांब्या मी खाली ठेवला. अव्वा बाहेर, अंघोळीच्या पाण्यासाठी मांडलेल्या चुलीपुढं बसली होती, तिच्यापाशी गेलो.

"कसल्या रेघा ह्या?"

"बिब्ब्याच्या."

"ते दिसतंय. कसल्या?"

तिनं पदर तोंडात धरला होता, तो काढला. आवाज कोरडा होता. रडून झालं होतं तिचं, माझ्या कितीतरी आधी.

"तू बाजाराला गेलास की बसायचा दर बुधवारी. म्हनायचा, नागव्वा, वाजव. मी वरनं खाली वाजवत यायची. आवाज बदलला की म्हनायचा, थांब, हितं वड."

"कवापासनं?"

"पयली रेघ दवाखान्यातनं आल्या दिवशीची. डाक्टरनं वाजीवलं तवाच कळलं म्हनला. हितवर भरलोय म्हनला."

माझ्या मागं मरगू मामा पाण्यासाठी हाका मारत होता. मी तिथंच उभा.

"मग तू मला का न्हाई बोललीस? एवडं कळत हुतं तर..."

"मी बोलनार हुते. त्यानं हात धरला माजा. म्हनला, त्याच्या खिशात कागुद हाय, मी बगितलाय. त्याच्या तोंडनं यीऊ दे." तिनं चुलीत लाकूड सारलं. "रोज सांजच्याला म्हनायचा, आज सांगंल बग. मग म्हनायचा, उद्या सांगंल."

"आनि न्हाई सांगितलं तर?"

"ते पन इचारलं मी. तर म्हनला, मग त्याचं दीडशे हूं दे. क्रशरला तरी जानार न्हाई."

मामा येऊन माझा दंड धरून मला घेऊन गेला. मी पाणी ओतलं. अंग चोळताना सगळे म्हणत होते, घास, घास, रेघा जातील. बिब्बा जात नाही. त्या रेघांसकट आम्ही त्याला पुरला.

तो कागद तोवर माझ्याच खिशात होता. धुवून, वाळून, पुन्हा धुवून त्याचा लगदा झाला होता. 'उद्या' हा शब्द मात्र मला त्याशिवायही वाचता यायचा.

तिसऱ्या दिवशी शेठचा टेम्पो येणार होता. झालेले खल मी मोजले. एकशे एकोणचाळीस. झोपडीमागं, गोणपाटाखाली, अप्पानं बाजूला ठेवलेले अकरा होते. पुरते घडवलेले, पोकळीसुद्धा झालेली, पण घडवता घडवता तडा दाखवलेले. प्रत्येकावर त्यानं कोळशानं फुली मारली होती.

एकशे एकोणचाळीस आणि अकरा. देवानं ठरवून मांडल्यासारखे.

सुतक होतं, चूल पेटवायची नव्हती. मी मागच्या अंगाला तीन दगडांची चूल केली आणि लाख वितळवली. अव्वानं बघितलं. उठून आत गेली. दगडाची भुकटी शोधायला लागली नाही, ती सगळीकडं होती, माझ्या भुवयांवरसुद्धा. अकराच्या अकरा भेगा भरल्या. घासल्या. तेल चोळलं. कोळशाच्या फुल्या पुसल्या. या वेळी हात इतका साफ बसला, की ओला करूनही रेघ दिसेना. भर बाजारात ज्या कामापायी बापानं मला उघडा पाडला होता, ते मला त्या दिवशी पुरतं जमलं.

शेठ टेम्पोबरोबर स्वतः आला. अप्पाचं कळल्यावर चप्पल काढून दारात दोन मिनिटं उभा राहिला. मग माल बघितला. गड्यानं दीडशे नग मोजले, गवतात गुंडाळून चढवले. शेठ एकेक खल हातात घ्यायचा, काठावरून अंगठा फिरवायचा, उन्हात धरायचा, चमक बघायचा. भरलेल्या अकरातला एक हातात आला तेव्हा म्हणाला, "हा बघ. असा पाहिजे माल."

त्यानं एकही खल वाजवून बघितला नाही.

"चिठ्ठीचं काय झालं?"

मी वहीचं पान फाडून दिलं. तो टेम्पोच्या फळीला टेकून वाचायला लागला, मोठ्यानं, गड्याला ऐकू जाईल असं. साबण लावू नये. दगड साबण पितो आणि मग चटणीला देतो. पीठ पांढरंफेक येईपर्यंत. रिकाम्या खलात बत्ता आपटू नये. पालथा घालून वाळवावा. तिथं पान संपलं. खाली दोन ओळींची जागा कोरी होती.

शेठनं घडी करून कागद खिशात घातला आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"छान लिहितोस की रे तू," तो म्हणाला.